नागौरला मटण, बाडमेरला गीझर

मोटारसायकल घेतली तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते आणि माझी उंची पाच फूट एक इंच होती. वय त्यानंतर थोडं वाढलंय, उंची आहे तिथंच आहे. शोरूममधले गृहस्थ सगळी माहिती माझ्या नवऱ्याला देत होते. सर, ॲव्हरेज देखिए, सर, सर्व्हिसिंग तो फ्री है, सर, पिकअप तो पूछिए मत. नवऱ्याने पाच मिनिटं सभ्यपणे मान हलवली आणि मग म्हणाला, "भैया, मुझे तो साइकिल भी ठीक से नहीं आती. गाड़ी मॅडम के लिए है." ते गृहस्थ माझ्याकडे वळले, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि प्रेमाने म्हणाले, "मॅडम, स्कूटर में भी बहुत अच्छे कलर आए हैं." एवढं ऐकल्यावर मोटारसायकल न घेता बाहेर पडणं मला शक्यच नव्हतं.

गाडी साडेतीनशे सीसीची, रंग वाळलेल्या मेंदीचा. वजन माझ्या तिप्पट. सिग्नलला माझे दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत, म्हणून मी सीटवरून जरा डावीकडे घसरते आणि एकाच पायावर गाडी तोलून धरते. पहिल्या आठवड्यात जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मी ती दोनदा आडवी केली. दोन्ही वेळा शेजारी धावून आले आणि दोन्ही वेळा त्यांनी गाडी उचलण्याआधी नवऱ्याला हाक मारली. मग मी गाडी एकटीने उचलायची पद्धत शिकून घेतली. गाडीकडे पाठ करायची, गुडघ्यात वाकायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पट्टी धरायची आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचं. आता गाडी पडली की मला उलट जरा बरंच वाटतं, करून दाखवायला मिळतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात वीस वर्षं झाली, लोकांना झोपवते आणि वेळेवर उठवते. मूळची सांगली जिल्ह्यातली. नवरा नागपूरचा, बँकेतला अधिकारी, वर्षापूर्वी निवृत्त झाला. त्याची बदली जयपूरला झाली तेव्हा तीन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. पुढे त्याच्या बदल्या होत राहिल्या, तो जात-येत राहिला, आणि मी, सासूबाई आणि मुलगी इथंच रुजलो. सासूबाई गेल्या, मुलगी नोकरीला हैदराबादला गेली, आणि घरात आम्ही दोघं आणि त्याची वर्तमानपत्रं उरलो.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून लोकांना आधी हसू येतं. चोपन्न वर्षांत मी एकही रात्र एकटी झोपले नव्हते. माहेरी आम्ही सहा भावंडं, एका लांब सतरंजीवर ओळीने. मग वसतिगृह, खोलीत चौघी. मग लग्न. नवरा दुसऱ्या गावी असला की सासूबाई माझ्या खोलीत झोपायला यायच्या, मला भीती वाटेल म्हणून. भीती त्यांना वाटायची हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कधी काही बोलले नाही. हॉस्पिटलातल्या रात्री तर विचारायलाच नको. त्या वर्षी दिवाळीत फराळाचे डबे भरताना हा हिशोब एकदम माझ्या डोक्यात आला आणि मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले. म्हटलं, आपण एकटं असताना कसे असतो, हे आपल्याला माहीतच नाही की! गाडी त्यासाठी घेतली. गाडी आणि तंबू. दहा रात्री, पश्चिम राजस्थान, सोबत कुणी नाही.

मी तयारीला लागले ती माझ्या धंद्याच्या शिस्तीने. भूल देण्याआधी आम्ही सगळं तपासतो, रोज, काल तपासलेलं असलं तरी आज पुन्हा. ऑक्सिजन, सक्शन, नळ्या, दिवा. दिवा लागतो का हे विचारायचं नसतं, लावून बघायचा असतो. त्याच चालीवर मी गाडीची यादी केली. क्लचची जादा केबल, पंक्चरचं सामान, हवा भरायचा छोटा पंप, साखळीला घालायचं तेल. जादा केबल आहे हे पुरेसं नाही, ती मला बदलता येते का, हे महत्त्वाचं. एका रविवारी मी अंगणात बसून केबल काढली आणि घातली, तीनदा. तिसऱ्या वेळी चाळीस मिनिटं लागली. नवरा चहाचा कप घेऊन पायरीवर बसला होता. म्हणाला, "पेशंट जगला का?"

निघायची तारीख मी फेब्रुवारीतली धरली. इथं जानेवारीत संक्रांतीला आख्खं शहर गच्चीवर चढून पतंग उडवतं, आणि कापलेला मांजा पुढे पंधरा दिवस तारांवरून आणि झाडांवरून लोंबत असतो. दुचाकीवरून जाणाऱ्यांचे त्याने चिरलेले गळे मी ऑपरेशनच्या टेबलावर पाहिलेत. त्यामुळे मांजा उतरेपर्यंत गाडी गल्लीबाहेर फार न्यायची नाही, असा नियम मी स्वतःला घातला आणि तेवढे दिवस तंबूकडे लक्ष दिलं.

तंबू गच्चीवर लावला. पहिल्यांदा लावला तेव्हा तो चार खांबांवर बसलेल्या म्हातारीसारखा दिसत होता, पाचव्या खेपेला तंबूसारखा दिसायला लागला. शेजारच्या भाभीजींनी गच्चीवरून विचारलं, "आपके यहाँ कोई फंक्शन है क्या?" मी म्हटलं, हो, माझंच आहे. दुपारी मी आत शिरून पडून पाहिलं. बाहेर पतंगवाल्यांचे लाउडस्पीकर, आत हिरवा उजेड आणि माझा श्वास. इतकं छान वाटलं की माझा डोळाच लागला. जागी झाले ती कापडावर खरखर झाली म्हणून. एक मोर तंबूवर उतरायचा प्रयत्न करत होता आणि घसरत होता. मी आतून ओरडले, तो बाहेरून ओरडला, आणि नवरा धापा टाकत वर आला. मोराला पाहून तो इतका हसला की कठड्याला धरून खाली बसला. पण हसून झाल्यावर म्हणाला, "इथं मी होतो. तिथं कोण येईल?"

"तिथं मोराला मीच हाकलीन," मी म्हटलं. तो जिना उतरून खाली गेला, आणि तो असा वाद सोडून जातो तेव्हा सावध व्हायला हवं, हे तीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

मुलीची मराठी गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासात वाढली आहे. ती फोनवर म्हणाली, "आई, मतलब तू खरंच सीरियस आहेस? एकदम अकेली? ओके, पण लोकेशन शेअर ऑन ठेवायचं. हमेशा. आणि पापांना काहीतरी काम देऊन जा, नाही तर ते मला दिवसातून दहा वेळा फोन करतील." ते मी कबूल केलं. मी काही वेडी नाही. तंबू कुठंही रस्त्याकडेला ठोकायचा नव्हता. शाळेचं आवार, गोशाळा, देवळाची धर्मशाळा, एखाद्याचं शेत, विचारून आणि परवानगी घेऊन. रस्त्याचा कागद मी तयार केला होता. सांभर, नागौर, फलोदी, पोकरण, जैसलमेरला दोन रात्री, मग बाडमेर, जालोर, सिरोही, राजसमंद आणि घरी. मुक्काम गावात नाही, गावाच्या अलीकडे किंवा पलीकडे.

हा रस्ता मी मुद्दाम निवडला होता, आणि त्याचं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा मनात होतं ते इंदूर, देवास, मग बडोदा. पण त्या वाटेवर दर दोन कोसांवर मराठी माणूस. त्यातून आमचा तालुका हे वेगळंच प्रकरण आहे. आमच्याकडची माणसं गलाईचा धंदा करतात, म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. त्यासाठी ती देशभर पांगली आहेत. भारतात कुठल्याही गावच्या सराफ बाजारात जा, एका जिन्याखाली भट्टी पेटलेली असते, आणि भट्टीपुढचा माणूस आमच्याकडचा असतो. आणि आमच्यात रीत अशी की आपल्या माणसाच्या गावावरून जायचं आणि त्याच्या घरी न थांबता जायचं, हा अपमान. साधा नाही, पिढ्यान्‌पिढ्या काढला जाणारा. "गावावरनं गेली, च्या बी न्हाई घेतला" असं एकदा कुणी म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही तेच ऐकू येतं. लहानपणी वडील आम्हाला मदुराईला घेऊन गेले होते. तीन दिवसांत मीनाक्षीचं देऊळ अर्धा तास पाहिलं आणि पाच घरं. पाचही घरी आमटी-भात. मदुराईची इडली मी पुढे जयपूरला आल्यावर खाल्ली.

माझा एक चुलतभाऊ इथंच जौहरी बाजारात गलाई करतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. राजस्थानातला झाडून सारा गलाईवाला त्याला ओळखतो, कारण लग्नं जुळवण्यापासून मयताला गाडी करून देण्यापर्यंत सगळं त्याच्याकडूनच होतं. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला मी त्याच्याकडे गेले आणि तासभर बसले, पण सहलीबद्दल चकार शब्द काढला नाही. या वाटेवर आमची माणसं त्यातल्या त्यात कमी, मुक्काम गावाबाहेर, आणि दादाला पत्ता नाही; माझ्या बाजूने बंदोबस्त चोख होता.

मांजा उतरल्यावर मी झोटवाड्याला गेले. तिथं वेल्डिंगची बारकी बारकी दुकानं ओळीने आहेत, आणि त्यातल्या एका उस्तादांनी मोटारसायकलींना सामानाचे रॅक बनवण्यात नाव काढलंय. पांढरी दाढी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पट्टीने मापं घेतली आणि विचारलं, "पीछे कोई बैठेगा?"

"नहीं."

"अभी नहीं, या कभी नहीं? उसी हिसाब से बनेगा. सवारी भी रखनी है तो रैक पूँछ पर जाएगा, वजन पीछे लटकेगा, गाड़ी डोलेगी. सवारी नहीं है तो पिछली सीट खोलकर रैक वहीं कस दूँगा. गाड़ी सीधी चलेगी."

मला गाडी सीधी चालायला हवी होती. मी म्हटलं, सीट काढा. त्यांनी चार बोल्ट काढले आणि मागची सीट माझ्या हातात दिली. पिशवीत घातल्यावर ती अगदीच लहान दिसली.

उस्ताद वेल्डिंग करत होते आणि मी तोंड फिरवून स्टुलावर बसले होते, तेव्हा पहिला फोन आला. नंबर अनोळखी. खणखणीत आवाज, ओळखीची भाषा. "ताई, नमस्कार, नागौरवरनं बोलतोय. तुमी मटण खातासा न्हवं? का तुमचं पाव्हणं नागपूरचं म्हणून सोडलंय?"

मला काही कळेना. मी म्हटलं, कोण आपण?

"आवो, तुमी मुक्कामाला येणार न्हवं का आमच्याकडं? दादाचा सांगावा आलाय. बोकड सांगून ठेवतो, म्हणून इचारलं."

मी काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला. उस्तादांनी दुसरा टाका मारला. दहा मिनिटांत दुसरा फोन, बाडमेरहून. तिथं तर पाहुणचार सुरूच झाला होता. "डागदरीणबाई येणार म्हणून बाथरूमला गीझर बसवून घेतला कालच. थंडी लई हाय हितं. गाडी ठेवायला शेजारचं गोडाऊन बी बघून ठेवलंय." तिसरा जालोरचा. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता आणि त्यांना मी तिला बघावं असं वाटत होतं. मी भूल देते, बाळंतपणं करत नाही, हे सांगून उपयोग नव्हता.

जौहरी बाजाराला फोन लावला. दादाला लपवालपवी जमत नाही. "आगं, भावजींनी कागद पाठवला, कुठल्या रात्री कुठं ते. मी म्हटलं, आपली माणसं हाईत की समदीकडं. आठ गावं लावून दिली. सांभरला तेवढं कोण न्हवतं, तर तिथं कराडचा येक बँकेतला गावला. तंबूत झोपायला तू काय सर्कशीत हाईस?"

दहाच्या दहा रात्री. एकही शिल्लक नाही. माझा रस्ता, माझा कागद, आणि त्यावर माझ्या नवऱ्याने गुपचूप पाहुणचार मांडून ठेवला होता. आणि मला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण गीझर बसला होता. मला इतका राग आला की हेल्मेटचा पट्टा लागेना. उस्तादांनी काळा चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पहले पानी पी लीजिए. गुस्से में क्लच भी सही नहीं छूटता." मी पाणी प्यायले आणि घरी आले.

नवरा फाटकात उभा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याचं लक्ष गाडीकडे गेलं. मागची सीट नव्हती. तिथं काळ्या रंगाचा चौकोनी रॅक घट्ट बसलेला होता. त्याने रॅकवर हात ठेवला. रंग ओला होता, तळव्याला लागला.

"माझी जागा कुठे गेली?" तो म्हणाला.

"तुमची जागा? तुम्ही या गाडीवर एकदा तरी बसलात का?"

"बसलो नाही. पण होती."

"आणि माझ्या दहा रात्री कुठे गेल्या?" मी पिशवीतली सीट त्याच्या हातात कोंबली. "नागौरला मटण आहे, बाडमेरला गीझर आहे, जालोरला बाळंतपण आहे. मी चोपन्न वर्षं थांबले आहे, अहो. पन्नास पाहुण्यांत झोपायला नाही थांबले. तुम्हाला भीती वाटत होती तर मला सांगायचं. माझ्या पाठीमागे माझ्याच भावाला हाताशी धरून हे काय चालवलंय?"

आम्ही फाटकातच भांडलो. शेजारच्या भाभीजी तुळशीला पाणी घालता घालता थांबल्या आणि मग त्यांनी दुसऱ्यांदा पाणी घातलं. मी बोलत सुटले होते. चोर काय येतील, लांडगे काय येतील, रस्त्यात ट्रक आहेत, सगळी त्याची भीती मीच बोलून दाखवली आणि मीच खोडून काढली. पंक्चर काढता येतं, केबल बदलता येते, गाडी उचलता येते, मुलीकडे लोकेशन आहे. तो ती सीट पोटाशी धरून ऐकत होता.

"त्याची भीती नाही ना," तो शेवटी म्हणाला. "ते सगळं तू करून घेशील. मला माहीत आहे."

"मग?"

तो सीटच्या कडेवरून बोट फिरवायला लागला. नागपूरचा माणूस, एरवी गप्पांत कुणाला हार जात नाही. "तुला आवडून गेलं तर?" तो म्हणाला. "एकटं राहणं. दहा दिवसांनी परत येशील आणि घरात बसून तुला वाटून राहील, तिकडेच बरं होतं. मी दिवसभर घरीच असतो आता. तुला माझा कंटाळा येतो, दिसतं मला. कुणाच्या घरी राहिली असतीस तर निदान आपल्या घराची आठवण तरी झाली असती."

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. कारण तो म्हणत होता ते अर्धं खरं होतं. वर्षभर तो घरात होता आणि सकाळी सातपासून मला बातम्या वाचून दाखवत होता, आणि मला कंटाळा येत होता. मी तसं सांगितलं. म्हटलं, कंटाळा येतो, हो. आणि एकटं राहणं मला आवडणारच आहे. आवडावं म्हणूनच चालले आहे, तोंडदेखलं नाही सांगत. "पण तीस वर्षं तुमच्या घोरण्याशेजारी झोपले, ते काय घरात दुसरी खोली नव्हती म्हणून?"

त्याने सीट काखेत मारली. मग म्हणाला, "दुसऱ्या खोलीत आई होती."

भाभीजींना मराठी येत नाही, पण आम्ही दोघंही हसायला लागलो हे त्यांना दिसलं, आणि त्या तांब्या घेऊन आत गेल्या.

नाही कळवायचं काम मी त्याच्यावरच सोपवलं. ज्याने बोलावणी गोळा केली त्यानेच ती परत करायची. संध्याकाळी चहा झाल्यावर तो दादाकडून आलेली यादी, पेन आणि चष्मा घेऊन बसला, बँकेत बसायचा तसा. मी समोर भाजी निवडत होते. पहिला फोन नागौरला. त्याने फार सांभाळून सांगितलं की ताई येणार नाहीत, त्या तंबूत राहतील. पलीकडून विचारलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं. "भांडाण झालंय का?"

"नाही हो, भांडण नाही."

"मग आमचं काय चुकलं?"

आपल्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड असतं, हे त्या नागपूरकराला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. नागौरला वीस मिनिटं लागली. बाडमेरच्या गीझरबद्दल त्याने माफी मागितली, तर ते म्हणाले, असू दे, पोरांना झाला. जालोरच्या सुनेसाठी मी फोन हातात घेतला आणि तिच्याशी बोलून घेतलं. प्रत्येक घरी एकच प्रश्न येत होता, एकटी का? पहिल्या तीन फोनांना तो ओशाळून उत्तर देत होता. चौथ्या फोनपासून त्याचा आवाज चढायला लागला. "अहो, तंबू स्वतः लावते. सात मिनिटांत." मला अकरा लागतात. पाचव्याला तो म्हणाला, "पावणेदोनशे किलोची गाडी एकटी उचलते, मी पाहिली आहे ना डोळ्यांनी." सहाव्याला मोराची गोष्टही सांगितली, आणि तिच्यात मोराला हाकलणारी मी होते. मी भाजीत मान घालून ऐकत होते. माझं इतकं कौतुक त्याने मला कधी ऐकवलं नव्हतं.

शेवटचा फोन फलोदीचा राहिला होता. तिथले गलाईवाले कमी बोलणारे निघाले. बरं, बरं, म्हणाले, जशी ताईंची मर्जी. मग मागून एका बाईचा आवाज आला, कुजबुज झाली, आणि ते म्हणाले, "मंडळी बोलती म्हणत्यात. ताईंना द्या जरा."

मी हात पुसून फोन घेतला. मनात म्हटलं, आता ही ऐकवणार. पंगतीत काढणार. ती आमच्याच तालुक्यातली, माझ्या माहेरापासून दोन गावं पलीकडची. अठरा वर्षांपूर्वी लग्न होऊन फलोदीला आली होती. दुकानावरच खोली.

"ताई, खरंच येकल्या येणार हाय? मागं बी कोण न्हाई?"

"कोणी नाही."

"आनि रातीला बी येकल्याच?"

"हो. तुम्ही राग मानू नका. तुमच्याकडे मुक्कामाला..."

"न्हाई वो, राग कशाला? नगाच येऊ मुक्कामाला." ती घाईघाईने बोलत होती, कुणी फोन मागून घेईल असं. "आलासा तर सैपाकघरातच बसाल माज्यासंगं, आन मग समदं तेच. मी बाजारला जाती ती बी धन्यासंगं, न्हाईतर सासूसंगं. अठरा वर्सं झाली. तुमी आसं करा, मुक्काम नगं, च्या बी नगं. फकस्त आमच्या गल्लीतनं जावा. सराफ बाजारात वरच्या अंगाला निळी खिडकी हाय, तितं मी हुबी ऱ्हाती. हार्न वाजवा. मला बगायचंय."

मी म्हटलं, "दुपारी दोनच्या सुमाराला येईन. तिसऱ्या दिवशी."

"मी सकाळपास्नंच हुबी ऱ्हाती," ती म्हणाली. "पर हळू जावा, ताई. भुर्रकन गेलासा तर मला नीट दिसायचं न्हाई."

मी म्हटलं, "हळूच जाईन."